क्रांत्यांची तुलना कशी करावी : दहापैकी दहाची पद्धत

परवा भाचीच्या नववीच्या प्रोजेक्टला दहापैकी चार मार्क पडले, आणि रात्री साडेअकरापर्यंत तिच्यासोबत मी पण बसलो होतो, त्यामुळे ते चार मलाच पडलेत असं समजा. विषय : फ्रेंच आणि रशियन राज्यक्रांतीची कारणे व परिणाम. म्हटलं आपलं गेलं ते गेलं, निदान तुमचं तरी भलं होवो.

पहिलं म्हणजे चार्टपेपरच्या बरोब्बर मधोमध रेघ मारा. डावीकडे पाच कारणं तर उजवीकडेही पाचच. फ्रान्सचं एक जास्त निघालं तर खोडा, रशियाला कमी पडलं तर 'जनतेतील असंतोष' लिहा, तो चटणीसारखा कशालाही लागतो.

'पाव नाही तर केक खा' हे फ्रान्सची राणी मेरी अँटोनेटच्या तोंडी घालाच. लेखक रूसोने तो किस्सा लिहिला तेव्हा ती ऑस्ट्रियात लहान पोरगी होती, वगैरे फाटे फोडू नका.

पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला तेव्हा आत सातच कैदी निघाले हे कुणाला सांगू नका, चित्राची मजा जाते.

रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, त्यामुळे तिथली फेब्रुवारी क्रांती आपल्या कॅलेंडरने मार्चमध्ये झाली आणि ऑक्टोबरवाली नोव्हेंबरात, हे समजावायला गेलात की तास संपतो.

परिणामात 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' लिहा, अंडरलाइन करा आणि तिथेच थांबा. आम्ही थांबलो नाही, आम्ही हैती लिहिलं. तेव्हाचं सेंट डोमिंग, फ्रान्सची साखरेची वसाहत, तिथल्या गुलामांनी १७९१ ला उठाव केला, १७९४ मध्ये पॅरिसने गुलामी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने परत आणली, लोक परत लढले, १८०४ ला देश स्वतंत्र झाला, आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडेच १५ कोटी फ्रँक मागितले, म्हणजे सुटलेल्यांनीच मालकांना भरपाई द्यायची, नंतर ९ कोटींवर आणली हीच काय ती मेहेरबानी, आणि त्यापायी काढलेली कर्जं १९४७ पर्यंत फिटत होती! हा परिणाम नाही तर काय आहे? शेजारी लाल पेनाने : 'सिलॅबसबाहेर'.

अहो मॅडम, तुलनाच मागितली होतीत ना? अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकच वाक्य असं होतं जे माझंही नव्हतं आणि गुगलचंही नव्हतं, पोरीचं स्वतःचं होतं. की ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या आणि राजालाच घेऊन आल्या, आणि मार्च १९१७ मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, गिरणीतल्या बायका पण पावासाठीच रस्त्यावर आल्या आणि आठवड्याभरात झारने गादी सोडली. दोन्हीकडे पाव, दोन्हीकडे बायका, असं लिहून तिने मधल्या रेघेवरून बाण काढला होता. त्यावर फुली! शेरा काय, तर 'कॉलम सोडून लिहू नये'. वाचलंत तरी का? की नुसती रेघ बघितलीत? चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते तुम्हाला दिसत नसेल तर पुढच्या वेळी इतिहास मागूच नका, रेघा मारायचीच परीक्षा घ्या.

काल तिने नवीन चार्टपेपर आणला. पाच डावीकडे, पाच उजवीकडे. पट्टी सापडत नव्हती, मीच शोधून दिली.