नकुशा म्हणजे मुंगशीण नव्हे

चुलतबहिणीला गेल्या आठवड्यात दुसरी मुलगी झाली. बारशाच्या आधीच आमच्या आत्तीनं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज धाडला. ‘नकुशा’ हे अपमानाचं नाव नाही, संस्कृत ‘नकुल’चं ते स्त्रीरूप आहे, दृष्ट लागू नये म्हणून पूर्वज ते ठेवत, आणि ते ठेवलं की पुढचा मुलगाच होतो. खाली हात जोडलेले, ‘दहा जणांना पाठवा’. आत्तीनं बहुतेक वीस जणांना पाठवलाय.

नकुलचं स्त्रीलिंग नकुली. म्हणजे मुंगशीण. मग हा ‘शा’ कुठनं आला? हवीशी, तशी नकोशी. बोलता बोलता नकुशी, नकुशा, नकुसा. एवढ्याला संस्कृत कशाला पाहिजे?

दृष्टीचं अर्धं खरं आहे, मान्य. मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवायचे. पण ती मूल राहावं म्हणून. नकुशा ठेवतात ती थोरल्या बहिणी धडधाकट अंगणात खेळत असताना.

आता ‘पुढचा मुलगाच’. आत्तीचा पुरावा काय, तर अमक्या नकुशाच्या पाठीवर भाऊ आहे, तमकीच्याही आहे. अगं, मुलगा होईस्तोवर ज्या घरात पाळणा थांबतच नाही, तिथं शेंडेफळ मुलगाच असणार की! त्यात नावाचं काय कर्तृत्व? आमच्याच आळीतल्या नकुशाच्या पाठीवर आणखी दोन बहिणी झाल्या, मग भाऊ. त्या दोघींना मेसेजवाला कुठल्या खात्यात धरतो? मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय, यावर ठरतं. आधीच्या पोरीच्या रेशनकार्डावर काय लिहिलंय ते त्या गुणसूत्राला वाचता येत नाही. आणि बोल लागतो तो बाळंतिणीलाच.

नाव एवढं गौरवाचं होतं, तर २०११ च्या ऑक्टोबरात आपल्याच सातारा जिल्ह्यात २८५ नकुशांचं नव्यानं बारसं कशाला करावं लागलं? जिल्हा प्रशासनानं कार्यक्रम घेऊन नव्या नावांची प्रमाणपत्रं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. ‘नकुलची लेक’ म्हणून जुनंच नाव राहू द्या, असं त्यातली एकही म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बारसं रविवारी आहे. कानात कुर्र करायचा मान आत्तीचाच. नाव मात्र तिला पाळण्यापाशीच कळेल.