अँटिपर्स्पिरंटने काख चुरचुरते? आधी लावायची वेळ बदला

अँटिपर्स्पिरंटच्या, म्हणजे घाम रोखणाऱ्या रोल-ऑनच्या, बाटलीवर कोरफडीचं पान छापलेलं असतं, खाली ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असं लिहिलेलं असतं आणि तरी लावल्यावर काखेत आग होतेच. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये ही तक्रार घरोघरी असते. माझं स्पष्ट मत आहे की बाटलीत कोरफड आहे की नाही हा प्रश्न फार नंतरचा. सकाळी घाईत, आंघोळीनंतरच्या दमट काखेत, त्यातही नुकतंच रेझर फिरवलेल्या कातडीवर अँटिपर्स्पिरंट लावलं, तर बाटलीतला कुठलाही शामक (आग शांत करणारा) घटक ती आग थांबवू शकत नाही.

आग होते कशामुळे ते आधी बघू. डिओ घामाचा वास झाकतो, वास निर्माण करणारे जंतू कमी करतो, पण घाम थांबवत नाही. अँटिपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळतात आणि घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच तयार करतात. यातला सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात जास्त चुरचुरणारा क्षार म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइड. पाण्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. म्हणजे काख जितकी ओली तितकं ॲसिड जास्त, आणि रेझरने पडलेल्या बारीक चिरांमधून ते थेट आत. फार घाम येणाऱ्यांना डॉक्टर जी द्रावणं लिहून देतात, त्यात हे 20 टक्क्यांपर्यंत असतं. दुकानातल्या साध्या रोल-ऑनमध्ये बहुधा ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट असतं. त्याचा आम्लपणा कमी, त्यामुळे तुलनेने सौम्य. कातडी नाजूक असेल तर लेबलवर हे नाव शोधा. कोरफडीच्या चित्रापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

आता लावण्याची पद्धत. वेळ रात्रीची. झोपेत काखेला घाम कमी येतो, त्यामुळे क्षार वाहून न जाता नळीच्या तोंडाशी बसतो. संध्याकाळी आंघोळ केली असेल तर काख टॉवेलने टिपून (घासून नाही) निदान अर्धा तास कोरडी होऊ द्या. दमट हवेत, मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात, तेवढ्यानेही भागत नाही. पंख्याखाली हात वर करून बसा किंवा हेअर ड्रायरची गार हवा मारा. मग रोल-ऑन एकदा वर, एकदा खाली, बस्स. जाड थर दिला म्हणून घाम जास्त थांबत नाही, आग मात्र वाढते. पाच मिनिटं वाळू द्या आणि मगच कपडा घाला. सकाळी पाण्याने धुऊन टाका. धुतल्यावर परिणाम जाईल ही भीती नको, बूच नळीच्या आत बसलेलं असतं. सुरुवातीला काही रात्री सलग लावून घाम आटोक्यात आला की एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. जोरकस द्रावण वापरणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं. रेझर फिरवल्यावर निदान 24 तास आणि वॅक्सिंगनंतर 48 तास काखेला काहीही लावू नये.

शामक घटकांची वेळ सकाळची, धुऊन झाल्यावरची. हे उलटं केलं की घोळ होतो. रात्री आधी क्रीम लावून वर अँटिपर्स्पिरंट लावलं तर तेलाच्या थरामुळे क्षार नळीपर्यंत पोचत नाही. मग ‘काही उपयोग होत नाही’ म्हणून माणूस आणखी लावतो आणि कातडी आणखी दुखावते. सकाळी मात्र बिनवासाचं साधं क्रीम, दोन्ही काखांना मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं, चोळून जिरवावं. त्यात पॅन्थेनॉल 2 ते 5 टक्के, ग्लिसरीन किंवा अर्धा टक्क्यापासून पुढे ॲलँटॉइन असेल तर उत्तम. डायमेथिकोन कापडाचं घर्षण कमी करतं. बारीक दळलेल्या ओट्सची क्रीमं खाजेवर खरंच काम करतात. नायसिनामाइड चांगलं, पण कातडी लाल असताना तेही झोंबू शकतं, तेव्हा आधी लाली ओसरू द्या.

लेबल वाचायची एक युक्ती आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. कोरफड यादीच्या शेवटी, सुगंधाच्याही नंतर आली असेल, तर ती बहुधा नावापुरती. आणि खरा त्रास पुष्कळदा त्या सुगंधाचाच असतो. टी ट्री, लॅव्हेंडर अशी तेलं ‘शामक’ म्हणून घातली जातात, पण त्यातले लिमोनीन, लिनलूल हवेशी संपर्क येऊन बदलतात आणि ॲलर्जी देतात. ‘अनसेंटेड’ या शब्दावरही विसंबू नका. मूळ वास दाबण्यासाठी त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं घ्या.

घरगुती उपायांबद्दल. तुरटी हा स्वतःच ॲल्युमिनियमचा क्षार आहे आणि तिचं पाणी आम्लधर्मी असतं. ‘ॲल्युमिनियममुक्त’ म्हणून तुरटीचा खडा विकला जातो, ते साफ चूक आहे. लिंबू काखेत लावू नये, खायचा सोडाही नको. त्वचेला किंचित आम्लपणा लागतो. लिंबू फारच आम्ल, सोडा त्याच्या उलट टोकाला. कोरफड घरची वापरायची तर पात कापून उभी करून ठेवा. कापाच्या कडेने जो पिवळा चीक ओघळतो तो पूर्ण निथळू द्या, साल काढा, गर पाण्याने धुवा. त्या चिकानेच अनेकांना खाज सुटते, आणि दोष मात्र गरावर जातो. बाजारातलं कोरफड जेल रोल-ऑनमध्ये मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अशी जेलं बहुधा कार्बोमरने घट्ट केलेली असतात. ॲल्युमिनियमचा क्षार पडला की ती फुटतात, पाणी वेगळं होतं आणि गुठळ्या राहतात.

लावल्यावर काही मिनिटांत चुरचुरलं आणि धुतल्यावर शांत झालं, तर तो क्षाराचा किंवा अल्कोहोलचा दाह. वरची पद्धत त्यासाठीच. पण एक-दोन दिवसांनी खाज सुटून लाल, खरखरीत चट्टे उठले आणि बाहेर पसरू लागले, तर ॲलर्जीचा संशय घ्या आणि ते उत्पादन पूर्ण बंद करा. जागाही नीट बघा. अगदी मध्यभागी खोलगटात पुरळ असेल तर रोल-ऑन किंवा डिओकडे बोट जातं. मधला भाग स्वच्छ आणि कडेच्या घड्या लाल असतील तर बहुधा कपड्याचा रंग किंवा कापडावरची प्रक्रिया कारणीभूत असते. गोल, कडा उठलेला चट्टा म्हणजे नायटा असू शकतो. काख काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल आणि मानेवरही तसंच असेल, तर क्रीम शोधत बसण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मेडिकलमधून मागून आणलेलं ‘खाजेचं मलम’ काखेत लावू नका. त्यात अनेकदा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. काखेची कातडी पातळ आणि कायम झाकलेली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते, कायमचे ताणाचे चरे पडतात, आणि नायटा असेल तर तो रूप बदलून पसरतो. सगळं बंद करूनही आठ-दहा दिवसांत फरक नसेल, पाणी सुटत असेल किंवा दुखऱ्या गाठी येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पॅच टेस्टबद्दल (संशयित घटक कातडीवर चिकटवून ॲलर्जी शोधायची चाचणी) विचारा, आणि काखेला लागणारं सगळं, म्हणजे रोल-ऑन, डिओ, साबण, हेअर रिमूव्हल क्रीम, लेबलसकट सोबत घेऊन जा.