अमेरिकेत मत देणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

नागरिकत्वाची शपथ झाली, कागदी झेंडा हातात धरून फोटो झाला, शाळेच्या ग्रुपवर चार अंगठे आणि एक 'आता आम्हाला विसरू नकोस' येऊन गेलं. अभिनंदन! २०२८ ला तुम्हीही अमेरिकेचा अध्यक्ष निवडणार. त्याआधी एवढंच करा. मुलाखतीसाठी जे ढीगभर प्रश्न घोकले होते ना, सिनेटर किती, राज्यघटना काय करते, कायद्याचं राज्य म्हणजे काय, ते सगळं डोक्यातून काढून टाका. प्रचाराच्या काळात त्यातलं काही उपयोगी पडत नाही, उलट नको ते प्रश्न पडायला लागतात.

मग घर कुठे आहे ते बघा. न्यू जर्सीत असाल तर बिचारे आहात. अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या वाट्याला आलेल्या इलेक्टोरल मतांवर, आणि राज्यात जो पुढे त्याला बहुधा त्या राज्याची सगळीच मिळतात. न्यू जर्सीची १४ मतं १९८८ नंतर एकाही रिपब्लिकन उमेदवाराला मिळालेली नाहीत, त्यामुळे तुमच्या दारात कुत्रंही फिरकणार नाही. देणगी मागायला तेवढे येतील. कॅलिफोर्नियाची ५४ मतं, पण तीही गृहीत धरलेली. म्हणून माझं ऐका, डेलावेअर नदी ओलांडा आणि पेनसिल्व्हेनियात या. इथे १९ मतं आहेत आणि आम्ही बेभरवशाचे आहोत. २०१६ मध्ये सुमारे ४४ हजार मतांनी ट्रम्प, २०२० मध्ये सुमारे ८० हजारांनी बायडन, २०२४ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांनी पुन्हा ट्रम्प. त्यामुळे आमचे लाड विचारू नका. फुटबॉलचा सामना लावला की दर ब्रेकला एक घाबरवणारा आवाज सांगतो की अमका निवडून आला तर तुमच्या मुलांचं काही खरं नाही, आणि लगेच दुसरा आवाज तमक्याबद्दल तेच सांगतो. पत्रपेटीत बिलांपेक्षा गुळगुळीत पोस्टकार्डं जास्त. त्यातल्या एकावर तर चक्क लिहिलेलं असतं की तुम्ही गेल्या वेळी मतदान केलं की नाही ही सरकारी नोंद कोणालाही बघता येते, तुमच्या शेजाऱ्यांनाही. बघा, किती आपुलकी! अशी नजर पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीनेही आपल्यावर ठेवली नव्हती.

देशभरात जास्त मतं कोणाला पडली, हे कृपा करून विचारू नका. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि त्या हरल्या. हे आईला व्हिडिओ कॉलवर समजावायला जाल तर ती म्हणेल, "अरे, मग मोजता कशाला?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

आता मुख्य साधना. तुम्हाला कोण आवडतं हे ठरवायची घाई नको, ते गौण आहे. कोणाची चीड येते ते आधी पक्कं करा. एकदा ते जमलं की बाकी सगळं आपोआप होतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं या सूत्रावर अख्खी निवडणूक निभते. उदाहरणार्थ वय. २७ जून २०२४ च्या संध्याकाळपर्यंत डेमोक्रॅट मंडळी सांगत होती की ८१ वर्षांचे बायडन एकदम तल्लख आहेत, आणि वयाचा विषय काढणारे लोक दुष्ट आहेत. त्या रात्री अटलांटात ट्रम्प यांच्याशी डिबेट झाली आणि बायडन अडखळले. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, आणि पाहता पाहता याच मंडळींना ट्रम्प यांनी ७८ व्या वर्षी अध्यक्ष होणं हा देशाला धोका वाटू लागला. पलीकडे जे वर्षभर 'म्हातारा, म्हातारा' ओरडत होते, त्यांनाही त्याच आठवड्यात साक्षात्कार झाला की वय हा नुसता आकडा असतो. एकाच रविवारी दोन्ही तट एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले आणि कोणालाही चक्कर आली नाही. ही तयारी तुम्हाला करायची आहे. रोज सकाळी थोडी थोडी केली तर जमते.

खरं-खोटं तपासण्यात वेळ घालवू नका. त्याच वर्षी १० सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, तेव्हा माजी अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांनी कोट्यवधी लोकांसमोर सांगितलं की ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये हैतीहून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. असा काही पुरावा नाही, असं गावातले अधिकारी सांगत होते. पण पुराव्याने गाणी बनत नाहीत, या वाक्याची मात्र दोन दिवसांत गाणी बनली. आपण नाचलो. स्प्रिंगफिल्डमध्ये त्याच आठवड्यात बॉम्बच्या धमक्या आल्या आणि शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, ती बातमी खाली कुठेतरी होती, तिथपर्यंत बोट जात नाही. आणि दुसरी बाजू सोवळी समजू नका. ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी म्हणे सोफ्याशी नको ते चाळे केले, ही थाप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्यावरून डेमोक्रॅटांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांनी भरसभेत डोळा मिचकावला आणि सभा खूश. शाळा रिकामी करणं आणि डोळा मिचकावणं सारखं नाही, हे मलाही कळतं. पण असे फरक करायला लागलात तर तुम्हाला कुठल्याच ग्रुपमध्ये ठेवणार नाहीत.

पैशाचं म्हणाल तर सढळ हाताने द्या. फोनवर मेसेज येईल : 'आम्ही रडतोय.' थोड्या वेळाने : 'तुम्ही आम्हाला सोडलंत का?' मग : 'शेवटची संधी, आज मध्यरात्रीपर्यंत तुमचे ५ डॉलर पाचपट होतील.' कोण पाचपट करणार, कसे, हे विचारणं असभ्यपणाचं. फक्त फॉर्मवरचा तो छोटा चौकोन नीट बघा. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराच्या फॉर्मवर तो चौकोन आधीच टिक केलेला असायचा, आणि एकदाच पैसे देतोय असं समजणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खात्यातून दर आठवड्याला पैसे जात राहिले. मेसेज नको असतील तर 'स्टॉप' असं उत्तर पाठवायचं असतं. पाठवा. हा नंबर चालू आहे आणि पलीकडे वाचणारा माणूस आहे, एवढं त्यांना कळतं, आणि उद्यापासून दुसऱ्या नंबरवरून सुरुवात होते.

देण्यापेक्षा घेणं आवडत असेल तर त्याचीही सोय झाली होती. इलॉन मस्क यांनी स्विंग स्टेटमधल्या, म्हणजे आमच्यासारख्या बेभरवशाच्या राज्यांतल्या, नोंदणीकृत मतदारांपैकी एकाला रोज १० लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं, अट एवढीच की एका अर्जावर सही करायची. आमच्याकडच्या कित्येकांनी केली. 'पक्षाशी देणंघेणं नाही, पण सही करायला काय जातं?' फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी ही बेकायदा लॉटरी आहे म्हणून दावा लावला, तेव्हा मस्क यांच्या बाजूच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की ही लॉटरी नाहीच, कारण विजेते चिठ्ठी काढून ठरत नव्हते, ते आधीच निवडलेले होते. आणि न्यायाधीशांनी योजना थांबवली नाही! असा बचाव आपल्याकडच्या भिशीत कोणी केला असता तर बायकांनी त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नसतं.

प्रत्यक्ष मतदान मात्र सावकाश करा. मंगळवार असतो, सुट्टी नसते. १८४५ च्या कायद्याने तो दिवस ठरला तेव्हा शेतकऱ्यांना घोडागाडीने तालुक्याच्या गावी जायला वेळ मिळावा असा विचार होता. त्या घोड्यांचा मान राखून आपण आजही ऑफिसमधून तासभर सटकून रांगेत उभे राहतो. ते नको असेल तर पोस्टाने मत द्या. आमच्या राज्यात मतपत्रिका आधी एका आतल्या पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलात तर तुमच्या मतपत्रिकेला 'नागडी' म्हणतात आणि ती बाद होते. तारखेवरून तर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. लक्षात घ्या, ज्या देशाने चंद्रावर माणूस पाठवला तिथे लोकशाही एका पाकिटावर अडते, आणि या पाकिटाबद्दल एकही मेसेज येत नाही.

मतपत्रिका उलटी करू नका. अध्यक्षाचं नाव वर असतं, गोळा भरा आणि थांबा. खाली राज्याचे हिशेब तपासणारे, खजिनदार, महाधिवक्ता, आमदार. पुढच्या वर्षीच्या मतपत्रिकेवर तर न्यायाधीश आणि शाळेच्या बोर्डाचे सदस्य असतात, म्हणजे तुमचा मालमत्ता कर वाढवणारे आणि तुमच्या मुलीच्या शाळेची बस रद्द करणारे. एवढ्या किरकोळ लोकांसाठी कोण वर्षाआड बाहेर पडणार? तुम्हाला स्प्रिंगफिल्डच्या मांजरांची काळजी आहे.

हां, आणि मित्रमंडळी. २०२४ ला दिवाळी आणि निवडणूक एकाच आठवड्यात आली होती. शाळेच्या भाड्याने घेतलेल्या कॅफेटेरियात मंडळाचा फराळ, एका टेबलावर निळे म्हणजे डेमोक्रॅट, दुसऱ्यावर लाल म्हणजे रिपब्लिकन, मधल्या टेबलावर ज्यांच्या बायका निळ्या आणि स्वतः लाल आहेत ते, अनारसे मोडत गप्प. सगळ्यांत मोठा आवाज होता तो ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या एका दादांचा. त्यांना मतदानाचा हक्कच नाही, पण तळमळ बघाल तर थक्क व्हाल. अशा वेळी तुम्ही 'दोन्हीकडे थोडं थोडं चुकतंय' असलं काही बोलू नका. मी बोललो. दोन्ही टेबलांचं पहिल्यांदाच एकमत झालं, माझ्याविरुद्ध.

त्यानंतर जानेवारीत मंडळाच्या नव्या कार्यकारिणीसाठी नावं मागवली. अध्यक्ष एक, सचिव एक, कोषाध्यक्ष एक. झूमवर तीच सगळी मंडळी होती, देश वाचवायला निघालेली. सगळे म्यूटवर. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या दादांचा कॅमेराही बंद. तुम्हीही तेच करा. तिथे नाव दिलंत तर हॉल बुक करावा लागतो, तीनशे लोकांच्या जेवणाचा हिशेब द्यावा लागतो, आणि बासुंदी संपली तर लोक तुमच्या तोंडावर विचारतात.