दाजींच्या बोटीचा एसी

नवी मुंबईत फ्लॅट विकताना बिल्डर खाडी दाखवतो आणि पैसेही खाडीचेच घेतो. मग बाल्कनीतून भरतीला थोडं करडं पाणी, ओहोटीला पुष्कळ चिखल आणि थंडीत लांबवर गुलाबी ठिपके दिसतात. ते फ्लेमिंगो, असं पाहुण्यांना सांगायचं असतं. माणसं तेवढ्यावर खूश असतात. खाडी दिसते म्हणून कुणी बोट घेत नाही. आमच्या दाजींनी घेतली.

वॉटर स्पोर्ट्सचा धंदा गुंडाळणाऱ्या कुणाकडून तरी सेकंडहँड जेट बोट मिळाली. ट्रेलरसकट ती नेरुळच्या सोसायटीत शिरली तेव्हा सेक्रेटरींनी पार्किंगचे दर वाचून दाखवले, चारचाकीचा आणि दुचाकीचा. दाजींनी त्यांना खाली वाकून ट्रेलरची चाकं मोजायला लावली. तेव्हापासून 18 फुटी बोट स्कूटरच्या भावात उभी आहे.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढायचं, इंपेलरने, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकाने, दाबायचं आणि मागून जोरात फेकायचं, की बोट पुढे. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने 1950च्या दशकात उथळ नद्यांसाठी हे जमवून आणलं. 1977 साली एडमंड हिलरी अशाच तीन बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून वर निघाले, ते नंदप्रयागला धबधब्याने अडवेपर्यंत. दाजी ही गोष्ट सांगताना ‘हिलरीसाहेब’ म्हणतात आणि धबधबा गाळतात. ठाणे खाडीचा मोठा पट्टा 2015पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे या बोटीला कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. तेव्हा बेलापूरहून समुद्राच्या दिशेने जायचं. तिकडे म्हणे पिकअप कमी पडतो.

पिकअपवर इलाज निघाला इंटरकूलर. इंजिनाला सुपरचार्जर आहे, म्हणजे त्यात हवा कोंबणारं यंत्र. हवा दाबली की तापते, सायकलला पंप मारताना खालची नळी हाताला लागते तेव्हा हे शाळकरी पोरालाही कळतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा मुळातच 35 अंशांची, ती दाबली की 80-90च्या घरात जाते. तापलेली हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी. वर पेट्रोल ठिणगीची वाट न बघता भडकतं आणि इंजिन आतल्या आत ठोकायला लागतं. म्हणून वाटेत इंटरकूलर बसवतात. नळ्यांतून पाणी, नळ्यांभोवती हवा, आणि निवलेली हवा इंजिनात. पाणी जेट पंपच पुरवतो. बोटीला मुळातला होता तो लहान पडतो म्हणून दाजींनी अमेरिकेहून मोठा मागवला. उन्हाळ्यात आपल्या खाडीचं पाणीच 30 अंशांच्या आसपास असतं, त्याहून गार हवा कुठलाच इंटरकूलर देणार नाही, हे मी सांगून बघितलं.

ताईचं म्हणणं याहून थोडक्यात होतं. “बेडरूमच्या एसीत गॅस भरायला मार्चपासून सांगतेय.”

पार्सल कस्टमला अडकलं. एजंटाचा फोन आला, कागदावर नुसतं ‘कूलर’ लिहिलंय, एअर कूलर की वॉटर कूलर? दाजी खरं बोलणारे गृहस्थ. “दोन्ही,” म्हणाले. त्या दोन अक्षरांपायी पार्सल बराच काळ तिकडेच थंड हवा खात बसलं.

मला बोलावलं ते मनगटासाठी. इंजिनाच्या झाकणाखाली जागा एवढी अरुंद की दाजींचा हात कोपरापर्यंतही जात नाही. माझा जातो, पण मग यायला तयार होत नाही. सोबतच्या पुस्तिकेत पहिलीच ओळ होती, ‘जुना एअरबॉक्स काढा.’ ही ओळ लिहिणाऱ्याला मे महिन्यातल्या रविवारी नेरुळच्या पत्र्याच्या शेडखाली आणून बसवायला हवं. पत्रा वरून तापतोय, इंजिनाचा तेलकट वास खालून येतोय, आणि एक सुटलेला क्लॅम्प बोटीच्या पोटात कुठेतरी गडगडत गेलाय. हवा गार करण्याच्या या कामात टेबलफॅन आणावा असं मात्र कुणाला सुचलं नाही.

मग आटे आले. अमेरिकेचा अर्ध्या इंचाचा नोझल आणि तुर्भ्याच्या हार्डवेअरवाल्याचा अर्ध्या इंचाचा सॉकेट. इंचात आटे दोघांचेही 14. पण त्यांच्या आट्याचा कोन 60 अंशांचा, आपल्या बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश मापाच्या पाइपाचा, 55. छत्तीस गुण जुळलेल्या पत्रिकेसारखे पहिले दोन-तीन वेढे छान बसतात, खरी भांडणं पुढे. टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली, तीही गळली. शेवटी रबाळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने पितळी अडॅप्टर कातून दिला, एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला तुर्भे. सगळ्या प्रकरणात स्वतःचं काम येणारा माणूस मला तेवढाच भेटला.

आता पाणी बाहेर सोडायला बोटीला एक भोक पाडायचं होतं. हे वाक्य दाजींनी चहा पिता पिता म्हटलं. पुस्तिकेत तसंच होतं, पाण्याच्या रेषेच्या वर, होलसॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने. पाण्याची रेषा पार्किंगमध्ये कुठे शोधायची? म्हणून दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून ओळखीच्या नाखव्यांना आणलं. मासेमारी बंदी 1 जूनपासून लागणार, त्यांची होडी ओढून ठेवायची गडबड चालू होती, तरी ते आले. बोटीला एक फेरी मारली, इंटरकूलर हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, “यो डबा कनाला?”

“इंजिन गार ठेवायला, नाखवा.”

“मंग सावकाश चालवा ना.”

दाजींनी ड्रिल सुरू केलं. बोट गळते म्हणून बुजवणारी माणसं नाखव्यांनी जन्मभर पाहिली होती. भोक पडेपर्यंत ते तोंडावर पंजा धरून उभे होते, आणि मग चहा न घेता गेले.

चाचणी सोसायटीच्या नळावर. इथे एक कडक नियम आहे. चालू करताना आधी इंजिन, मग लगेच नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट झालं की पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये. वॉचमनला हे समजावताना दाजींचंच दोनदा उलटसुलट झालं. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जाणार नाहीत म्हणून खुणा ठरल्या, हात वर म्हणजे नळ चालू, खाली म्हणजे बंद. दाजी बोटीवर, वॉचमन नळावर, मध्ये मी. इंजिन गुरगुरलं, मी हात वर केला, आणि नव्या भोकातून पाण्याची झकास धार निघून सेक्रेटरींच्या गाडीच्या बॉनेटवर पडली.

सेक्रेटरी चपला न घालताच खाली आले. “मोरबे धरण महापालिकेनं तुम्हाला बोट धुवायला घेतलंय का हो?”

“धुतली नाही,” दाजी म्हणाले. “निववली.”

सेक्रेटरींनी रागाने हात वर केला. वॉचमनने नळ पूर्ण सोडला.

सगळं आटोपल्यावर दाजी पायरीवर टेकले. आता ताकद वाढली की इंजिन जास्त फिरणार, म्हणजे इंपेलरही वेगळ्या पिचचा, पात्यांच्या वेगळ्या तिरकेपणाचा, लागणार, असं म्हणाले. त्यासाठी मागचा पंप उतरवावा लागतो, आणि पंपाच्या आतल्या बोल्टापर्यंत हात जायला हवा.

“शनिवारी मला ऑफिस आहे, दाजी.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “रविवारीच धरलंय.”