म्हणे, आवाज न करणारी मोटर

आज पहाटे बाजूच्या होडीतल्या काकांनी मला विचारलं, "काय रे, दळण किती राहिलंय अजून?"

शिवी घातली असती तर चाललं असतं. पण नाही. अगदी मायेने विचारलं, गळाला आमिष लावता लावता, मान वर न करता. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, सगळीकडे चिडीचूप, आणि माझ्या होडीखालून आपलं घर्रर्र-खट्, घर्रर्र-खट्. मी ओशाळून मोटर बंद केली तर म्हणतात, "अरे, बंद कशाला केलीस? तुझ्याकडचे सगळे इकडेच येतायत." आणि पाच मिनिटांत त्यांना मासा लागला. मग अजून एक. दुसरा तर त्यांनी काढताना मला दाखवायला थोडा उंचच धरला, माझी खात्री आहे.

दळण! दिवसभर तेच डोक्यात.

ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला लावायची बॅटरीवरची छोटी मोटर, माणूस घेतो कशाला? पेट्रोलच्या इंजिनाची बोंब नको, वल्ह्यांची छपछप नको, चोरपावलांनी माशाच्या अंगावर जाता यावं म्हणून. नाहीतर ती बॅटरी नावाची धोंड कोण उचलून आणतंय दर वेळी? कंबर माझी जाते. आणि खाली पाण्यात काय चाललंय याचा विचारच करवत नाही. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. त्यात कार्पच्या जातीच्या माशांना पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच दिलेली असते. म्हणजे पिशवीचा ढोल आणि हाडांची तार. मी स्विचला हात लावेपर्यंत त्यांनी गाशा गुंडाळलेला असणार.

आणि सल्ले! "ग्रीस मार." कुठे मारू? "खोल सोड, पंखा वरच्या वर हवा खात असेल." सोडली. पंखा फूटभर पाण्याखाली असायला हवा हे मलाही कळतं. पण दोन फूट पाण्यात गवताच्या कडेने जायचं असेल तर मासे पकडू की गाळ उपसू? एक महापंडित म्हणाले, "तो कंट्रोलरचा, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा आवाज, सगळ्यांचाच येतो, सवय कर." अहो, कंट्रोलरचा आवाज डास गुणगुणल्यासारखा बारीक येतो. आणि माझी मोटर पाच वेगांची जुनी, तिच्यात तसला कंट्रोलरच नाही. ती वेग कमी करते म्हणजे उरलेली वीज कॉइलमध्ये जाळते. एक नंबरवर हळू चालवली तरी बॅटरी वाचायला हवी तेवढी वाचत नाहीच. हा वेगळा विषय आहे, पण राग आहेच तर तोही घ्या.

तर दुपारी बॅटरीच्या वायरी काढल्या आणि मोटर टेबलावर आडवी घातली. पंखा हाताने फिरवला. गुळगुळीत फिरायला हवा, तर वाळूत चमचा फिरवल्यासारखा. नट निघाला. पंखा निघेना. दोन बाजूंनी दोन स्क्रू ड्रायव्हर घालून हळूहळू उचकटला तेव्हा कुठे सुटला. आडवी पिन मधेच वाकलेली, आणि पंख्यामागे दांड्याला एक पिवळं कडं. मी आधी वॉशर समजलो. नखाने खरवडलं तर गळाची दोरी! दगडासारखी घट्ट बसलेली, कितीतरी वेढे. ब्लेडने कापत बसलो अर्धा तास. कुठल्या बेअक्कल माणसाने पाण्यात दोरी सोडून दिली, अशा लोकांचे गळच जप्त केले पाहिजेत, वगैरे बरंच काही मोठ्याने बोलून झालं.

मग शेवटचं टोक हातात आलं. त्याला गाठ होती. माझी गाठ. शेपूट जरा लांब सोडायची वाईट खोड आहे मला, आणि ही असली पिवळी ब्रेडेड लाइन, म्हणजे धागे विणून केलेली गळाची दोरी, आमच्यात मी एकटाच वापरतो.

गेल्या महिन्यात माझी दोरी तोडून एक मासा गेला होता. मोठा. मी हात पसरून सांगितलं होतं केवढा ते. ज्याला त्याला सांगितलं होतं. काकांना तर दोनदा. काय ती ओढ, काय तो झटका, रीळ कशी किंचाळली! तो मासा हा. पाच वेगांचा, बारा व्होल्टचा. मी माझ्याच मोटरशी झुंजत होतो आणि हरलो होतो.

थोडा वेळ गप्प बसलो.

पण दोरी काढून भागलं असतं तर काय हवं होतं! ब्रेडेड लाइन म्हणजे करवतच ती, दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं सील कधीच कापून मोकळी. दोन लांब बोल्ट सैल केले तसं आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. बेअरिंग गंजून लाल. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, बाहेर ओढायला गेलो तर आतल्या चुंबकाने ते खट्कन परत खेचून घेतलं, मध्ये माझं बोट. मागचं झाकण उघडलं तर वीज आत पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यामागची स्प्रिंग उडाली, ती कुठे गेली ते तिलाच माहीत. आणि माहितीपुस्तिका काय म्हणते? दर काही तासांच्या वापरानंतर पंखा काढून दोरी अडकली आहे का ते पाहावे. पाहावे म्हणे! हे वाक्य एवढ्या बारीक अक्षरांत छापलंय की ते वाचणारा माणूस पाण्यावर जातच नसेल.

सील आणि बेअरिंग मागवायची तर सुटी मिळत नाहीत, अख्खा संच घ्या, त्यात मला नको असलेल्या चार गोष्टी. मागवला. कधी येईल ते "लवकरच".

तोवर वल्ही आहेत. संध्याकाळी एक फेरी मारून पाहिली. डाव्या वल्ह्याची कडी करकरते.