पालकांनी बाहेर थांबावे म्हणे

आज दुपारी भाचीनं कॉलेजच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला. उद्या त्यांचं पदवीचं फोटोसेशन. साडेनऊला हजर, गाऊन-टोपी तिथंच मिळेल, मुलांनी पांढरा शर्ट, मुलींनी 'सोबर' साडी. आणि सगळ्यात खाली : 'पालकांनी हॉलबाहेर थांबावे. फॅमिली फोटोचा चार्ज वेगळा.'

तेव्हापासून डोकं फिरलंय. दोन भाकऱ्या करपल्या.

बाहेर थांबावे! तीन वर्षं फी भरायला रांगेत कोण थांबलं होतं? आणि अजून परीक्षा व्हायचीय, निकाल लागायचाय, पदवी तर कोल्हापूरला विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ होईल तेव्हा. पण फोटो आधी काढून मोकळे! बरं, असू दे. पोरं परत एकत्र सापडत नाहीत, हे मान्य.

माझाही असा एक फोटो होता. १९९७, बी. कॉम. तेव्हा कॉलेजात असलं काही नसायचं, आपणच स्टुडिओत जायचं. स्टुडिओच्या खिळ्याला एकच काळा गाऊन लटकलेला, सगळ्या सांगलीचे पदवीधर त्याच एका गाऊनात. हातात पदवी म्हणून दिलेली गुंडाळी म्हणजे जुनं कॅलेंडर होतं, वर लाल रिबीन. अप्पा, माझे वडील, मार्केट यार्डातून सौदे संपवून थेट आले होते. ते तोलाईदार, माल तोलून द्यायचे. हळदीचा हंगाम म्हणजे नखं, कॉलर, भुवया, सगळं पिवळं. फोटोग्राफर म्हणाला, "अप्पा, तुम्ही जरा तिकडं बसा, गाऊनला पिवळं लागंल." अप्पा लगेच मागं सरले. "व्हय व्हय, लागंल." आणि माझी पर्स मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले.

त्या फोटोग्राफरचा मला आजही राग येतो.

हा झगा तरी कुठला? युरोपातल्या जुन्या पाद्र्यांचा, तिथल्या गारठ्यात ऊब म्हणून घालायचा. तो आपण मार्चच्या उन्हात, पंखा बंद करून घालायचा. (पंखा बंद का, तर टोपीचा गोंडा हलतो.) तो गोंडा उजवीकडून डावीकडं फिरवायची पद्धत अमेरिकेची, आमची पोरं त्याचं रील करतात. करा बापडे. मला त्याचं काही नाही. उलट मला तर आवडतं हे सगळं, खोटं कशाला बोलू. मगाशी तासभर भाचीला फोनवर तेच सांगत होते. गाऊन गठ्ठ्यातून काढलेला असतो, छातीवर घडीचा चौकोन उठलेला. ओला हात फिरवून झटकून घे, इस्त्री नको, असलं कापड चिकटतं. गाऊन सारखा मागं ओढला जातो आणि गळ्याशी आवळतो, म्हणून खांद्यावर आतून ब्लाऊजला सेफ्टी पिन मार. टोपी आडवी, सपाट. फार पुढं ओढलीस तर कपाळावर सावली पडून डोळे खड्ड्यात जातात. केसांना आतून दोन पिना. मानेला पावडर लावू नकोस, फ्लॅशमध्ये तेवढीच पांढरीफटक दिसते. चष्म्याच्या काड्या कानावर केसभर वर उचल, म्हणजे काचेत लाईट येत नाही. माझ्या फोटोत दोन्ही काचांत स्टुडिओतल्या छत्रीचा लाईट आला होता, डोळेच नव्हते मला.

ती म्हणाली, आत्या, तुला एवढं कसं माहीत? अगं, एकच फोटो बावीस वर्षं भिंतीवर बघितला की सगळं माहीत होतं.

बावीसच, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा ती ५७ च्या वर गेली होती. गावभागातलं आमचं घर सांगायला नकोच. पाणी उतरल्यावर फ्रेम उघडली तर फोटो काचेला चिकटलेला. मी शहाणीनं तो ओढला. कागद हातात आला, पांढरा, आणि मी काचेवर राहिले, तुकड्या-तुकड्यांनी. लोकांचे संसार गेले होते, फोटोचं काय घेऊन बसायचं! रडलेसुद्धा नाही.

पण तो राहिला असता तरी त्यात अप्पा नव्हतेच ना. अप्पांचा माझ्याबरोबर एकही फोटो नाही. एकही. २००३ ला गेले.

आणि आता खरं लिहितेच, एवढं टाईप केलंच आहे तर. फोटोग्राफर चूक नव्हता. गाऊन त्याचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला द्यायचा, काळ्यावर हळद लगेच दिसते. चूक ही की अप्पा मागं सरले तेव्हा मला बरं वाटलं. स्टुडिओत माझ्या दोन मैत्रिणी होत्या, एकीचे वडील सफारीत आलेले. मी "अप्पा, या की" म्हणायला हवं होतं. तीन शब्द. मी टोपी नीट करत राहिले.

म्हणून आज त्या मेसेजनं एवढं लागलं असेल. शे-दोनशे पोरं सकाळच्या वेळात उरकायची, सगळ्यांचे आईबाप आत घेतले तर गोंधळ होईल, कळतं मला. पण मग 'थांबावे' आणि 'चार्ज' एकाच ओळीत लिहू नका हो. पैसे दिले की गोंधळ होत नाही वाटतं!

भाचीचा बाप, म्हणजे आमचा दादा, रिक्षा चालवतो. संध्याकाळी फोन केला तर म्हणतो, "मी सोडतो की तिला, खाली रिक्षातच थांबतो. वर सगळी इन केलेली माणसं असतात." मी एवढी ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. तो म्हणाला, बरं बरं, येतो, पण खाकी बदलायला घरी जावं लागंल, एक भाडं बुडंल. म्हटलं बदलू नकोस. तर म्हणतो, "पोरीला चालंल का, विचार."

भाचीला विचारलं. ती दोन सेकंद गप्प होती. मला ते दोन सेकंद चांगले ओळखीचे.

मग म्हणाली, "आत्या, चार्ज तू देशील?"

देते बाई. साडेनऊला मीही येतेय, पिना घेऊन.