तिला तुतूच म्हणा ना

काल व्हॉट्सॲपवर एकाने 'आफ्रिकेची मोनालिसा' असं लिहून एक चित्र पाठवलं आणि खरं सांगते, चित्र आवडायच्या आधी त्या नावाचाच राग आला. अहो, तिला स्वतःचं नाव आहे! आदेतुतू आदेमिलुयी. नायजेरियातल्या इफे शहराच्या, योरुबा समाजाच्या राजघराण्यातली, आधीच्या एका ऊनीची म्हणजे तिथल्या राजाची नात. चित्राचं नावही तुतूच.

ते काढलं नायजेरियाचाच चित्रकार बेन एन्वोन्वूने, १९७३ साली. आता साल बघा. बायाफ्राचं, म्हणजे तिथल्या इग्बो लोकांनी नायजेरियातून वेगळं व्हायला केलेलं युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली, लाखो माणसं गेलेली, त्यातली कितीतरी नुसती भुकेने, आणि एन्वोन्वू स्वतः इग्बो, म्हणजे हरलेल्या बाजूच्या लोकांतला. त्याला इफेत ही मुलगी चालताना दिसते आणि तो ठरवतो हिचंच चित्र काढायचं, घरच्यांची समजूत काढतो, आणि मग ही योरुबा राजकन्या सगळ्या नायजेरियाला आपली वाटायला लागते. माझ्या मते हीच या चित्राची खरी गोष्ट आहे आणि 'मोनालिसा' म्हटलं की नेमकी तीच पुसली जाते.

जरा झूम करून बघा. सिंहासन नाही, मुकुट नाही. डोक्याला घट्ट गुंडाळलेलं कापड, खाली ती लांबच लांब मान, आणि नजर आपल्याकडे नाहीच, बाजूला कुठेतरी. आपण बघतोय याची तिला काही पडलेलीच नाही! मोठ्या घरची आहे हे त्या मानेवरूनच कळतं.

त्याने तुतू तीनदा रंगवली. एक प्रत लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये सापडली आणि २०१८ मध्ये लिलावात बारा लाख पौंडांना गेली, तेव्हाच्या हिशोबाने दहा कोटींच्या वर. बातम्या सगळ्या त्या आकड्याच्या. पण नायजेरियात तिचे छापील प्रिंट्स कितीतरी आधीपासून साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर लागलेत, आपल्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी लागायची तसे, आणि मला ते लिलावापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

पहिलं, १९७३ चं चित्र मात्र १९९४ मध्ये चोरीला गेलं, एन्वोन्वू वारला त्याच वर्षी. मी नेटवर खूप शोधलं, सापडल्याची बातमी कुठेच नाही. लंडनची सापडली तशी तीही कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफ्यावर टांगलेली असेल आणि ती कोण आहे हे घरात कुणाला माहीतही नसेल, हे डोक्यातून जातच नाहीये.